वाचक विचारतात : व्हार्टेगचं नाव ‘व्ही’ने लिहावं की ‘एफ’ने?

दक्षिण वेल्समध्ये पाँटिपूल आणि ब्लेनाव्हन या दोन गावांच्या दरम्यान, डोंगराच्या कडेला व्हार्टेग नावाचं छोटं खाणगाव आहे. टोर्वाइन काउंटी बरो हे त्याचं प्रशासन. २०१३ मध्ये गावाच्या पाटीवर नावाचं वेल्श रूप लावण्याची सूचना पुढे आली. गावकऱ्यांनी हरकत घेतली आणि गाव बातम्यांत आलं. त्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : एका अक्षरावरून एवढा वाद का झाला? वेल्श रूपात असं काय आहे?

उत्तर : इंग्रजी पाट्यांवर आणि कागदपत्रांत हे नाव व्ही-ए-आर-टी-ई-जी असं लिहितात. वेल्श रूपात आधी ‘वाय’ हे अक्षर सुटं येतं आणि त्यानंतर एफ-ए-आर-टी-ई-जी. इंग्रजी वाचणाऱ्याचं लक्ष पहिल्या चार अक्षरांवर जातं, कारण इंग्रजीत त्या चार अक्षरांचा अर्थ ‘पाद’ असा होतो. पाटीजवळ उभं राहून फोटो काढणारे, पाटीच पळवून नेणारे आणि शाळेत मुलांना चिडवणारे येतील, ही गावकऱ्यांची भीती होती. ती खोटी म्हणता येणार नाही. विचित्र नावांच्या पाट्या चोरीला जाण्याचे प्रकार इंग्लंडमध्येही होतात.

आता दुसरी बाजू. वेल्श वर्णमालेत ‘व्ही’ हे अक्षरच नाही. ‘व्ह’चा उच्चार वेल्शमध्ये एकट्या ‘एफ’ने दाखवतात आणि ‘फ’चा उच्चार दोन ‘एफ’ जोडून. म्हणजे वेल्श वाचणारा माणूस ही पाटी ‘अ व्हार्टेग’ अशी वाचतो. ‘फार्ट’ असा उच्चार त्याच्या कानाला ऐकूच येत नाही. टोर्वाइन हे नावसुद्धा याच ‘एफ’ने लिहितात. काउंटीच्या प्रत्येक पत्राच्या माथ्यावर ते छापलेलं असतं आणि ‘टोर्फेन’ असा चुकीचा उच्चार करणारे पाहुणे आले तरी त्यावर कुणी वाद घातल्याचं ऐकिवात नाही. आमच्या मते भांडण एका अक्षराचं नव्हतं. त्या अक्षराच्या पुढची तीन अक्षरं योगायोगाने नको ती निघाली, आणि निर्णय आपल्याला न विचारता होतोय असं गावाला वाटलं. दुसरं कारण जास्त खोलवरचं आहे.

प्रश्न : मग सुरुवातीचा तो ‘वाय’ कशासाठी? आणि मूळ शब्द ‘एफ’नेच सुरू होतो का?

उत्तर : ‘वाय’ हे वेल्शमधलं निश्चित उपपद, म्हणजे इंग्रजीतल्या ‘द’सारखा शब्द, आहे. त्याचा उच्चार साधारण ‘अ’सारखा होतो. वेल्शमध्ये स्त्रीलिंगी एकवचनी नाम उपपदानंतर आलं की त्याचं पहिलं व्यंजन मऊ होतं. ‘प’चा ‘ब’ होतो, ‘ब’चा ‘व्ह’ होतो आणि ‘म’चाही ‘व्ह’च होतो. ‘पाँट’ म्हणजे पूल, पण ‘तो पूल’ म्हणायचं तर ‘अ बाँट’. ‘मेर्ख’ म्हणजे मुलगी, ‘ती मुलगी’ म्हणजे ‘अ व्हेर्ख’. त्यामुळे ‘अ व्हार्टेग’मधला ‘व्ह’ हा मूळचा ‘ब’ किंवा ‘म’ असणार. ‘बार’ म्हणजे माथा आणि ‘तेग’ म्हणजे सुंदर, अशी फोड सहसा दिली जाते. टेकडीच्या कडेवरून दरी पाहिली की ती पटतेही.

इथे एक बारकावा आहे. जुने कागद वाचताना त्याचा उपयोग होतो. हे नाव वेल्श वाक्यात नेहमी उपपदासह येतं. ‘व्हार्टेगहून’ किंवा ‘व्हार्टेगला’ म्हणताना उपपद आधीच्या अव्ययाला चिकटतं आणि त्याचा फक्त ‘र’ उरतो, पण पुढचं नाव ‘एफ’नेच राहतं. म्हणून जुन्या वेल्श वर्तमानपत्रात हे गाव शोधताना ‘बी’ किंवा ‘एम’ने सुरू होणारं रूप शोधण्यात वेळ घालवू नये.

‘व्ही’चं रूप हे इंग्रजांनी केलेलं विद्रूपीकरण आहे, असं काही जण ठामपणे लिहितात. आम्हाला ते मान्य नाही. वेल्श लेखनपद्धती आजच्या रूपात स्थिरावण्याआधी वेल्श लिहिणारेसुद्धा या उच्चारासाठी ‘यू’ किंवा ‘व्ही’ वापरत असत. लोखंडाच्या कारखान्याचं नाव, कोळसा कंपनीचं नाव आणि रेल्वे स्थानकाची पाटी हे सगळं ‘व्ही’नेच होतं. दोनशे वर्षं ज्या रूपात पगाराची चिठ्ठी आणि कबरीवरचा दगड लिहिला गेला, ते रूपही त्या गावाचंच आहे.

प्रश्न : गाव दरीत नदीकाठी न वसता डोंगराच्या अंगावर का वसलं? पाणी, रस्ता सगळं तर खाली आहे.

उत्तर : कारण माल वर होता. दक्षिण वेल्सचं कोळसाक्षेत्र परातीसारखं आहे. मध्यभागी थर खोल जातात आणि कडेला ते जमिनीवर उघडे पडतात. व्हार्टेग आणि ब्लेनाव्हन ही गावं त्या परातीच्या ईशान्य काठावर आहेत. इथे कोळसा आणि लोहखडक एकाच उतारावर सापडतात, चुनखडी उत्तरेला जवळच आहे, आणि भट्टीच्या भिंतीला लागणारा दगडही हाताशी आहे. ब्लेनाव्हनचा लोखंड कारखाना १७८९ मध्ये सुरू झाला आणि व्हार्टेगचा त्यानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला.

खोल विहीर खणून कोळसा काढणं ही नंतरची गोष्ट. सुरुवातीच्या पद्धती दोन होत्या. पहिलीत टेकडीच्या माथ्यावर ओढ्याला बांध घालून पाणी साठवत आणि मग बांध एकदम फोडत. लोंढ्याबरोबर माती-मुरूम वाहून गेला की लोहखडकाचे गोटे उघडे पडत. ते वेचून, फोडून, भाजून भट्टीकडे न्यायचे. या कामामुळे उतारावर पडलेल्या घळ्या आजही दिसतात. पावसाने पडलेल्या नैसर्गिक घळीपेक्षा त्या वेगळ्या ओळखू येतात, कारण त्या वरून अचानक सुरू होतात आणि त्यांच्या तोंडाशी बहुतेकदा जुन्या बांधाची उंचवट्याची रेघ असते.

दुसरी पद्धत म्हणजे उतारावरून थेट थरात घुसणारं आडवं भुयार. ते आत जाताना किंचित चढतं ठेवत. त्यामुळे पाणी आपोआप बाहेर वाहतं आणि भरलेली गाडी थोड्याशा जोराने बाहेर येते. पंप लागत नाही, वाफेचं इंजिन लागत नाही, म्हणून भांडवल कमी लागतं. आत कोळशाचे खांब सोडून मधला कोळसा काढत आणि परत येताना खांबही काढत. बिघडतं ते इथेच. खांब घाईने किंवा नको त्या क्रमाने काढले तर छताचा भार उरलेल्या खांबांवर जातो, भुयाराची जमीन फुगून वर येते आणि पुढचा कोळसा कायमचा अडकतो. वरच्या घराच्या भिंतीला तडा गेल्यावरच कित्येकदा लोकांना खाली काय झालं ते कळे.

भट्ट्याही मुद्दाम उताराला पाठ लावून बांधत. भट्टीत माल वरच्या तोंडातून टाकायचा असतो. मागे डोंगर असेल तर गाडी सपाट पुलावरून ढकलत थेट तोंडापर्यंत नेता येते, माल उचलावा लागत नाही. इथल्या लोहखडकात लोखंडाचं प्रमाण साधारण एक तृतीयांश. म्हणजे एक टन कच्च्या लोखंडासाठी सुमारे तीन टन खडक, त्यात चुनखडी आणि त्याहून कितीतरी मोठा कोळशाचा ढीग. एवढं वजन रोज चढवण्यापेक्षा माणसांची घरं वर नेणं कंपनीला स्वस्त पडलं. तयार लोखंड मात्र हलकं आणि मोलाचं. ते उताराने खाली उतरवून ट्रामरस्त्याने कालव्यापर्यंत न्यायचं. न्यूपोर्टहून पाँटनेविनिडपर्यंतचा मॉनमथशर कालवा १७९६ मध्येच खुला झाला होता.

म्हणूनच इथली घरं रस्त्याच्या एका ओळीत, टेकडीला समांतर दिसतात. मध्यवर्ती चौक नाही, बाजार नाही. भुयाराच्या तोंडाजवळ एक रांग, भट्टीजवळ दुसरी, मधे चॅपल. असं विखुरलेलं गाव पाहून काही पाहुण्यांना ‘मूळ गाव कुठे आहे’ असा प्रश्न पडतो. मूळ गाव हेच.

प्रश्न : लोखंड गेल्यावर काय झालं? रेल्वे कधी आली?

उत्तर : बाहेरून येणारं उत्तम प्रतीचं खनिज बंदराजवळच्या कारखान्यांना स्वस्त पडू लागलं आणि डोंगरावरच्या भट्ट्या मागे पडल्या. कोळसा टिकला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन व्हिपाँड कंपनी व्हार्टेग हिलच्या खाणी चालवत होती. ब्लेनाव्हनवरून अ‍ॅबरसखनच्या दिशेने टेकडीच्या कडेने जाणारा रेल्वेमार्ग १८७० च्या दशकाच्या शेवटी पुरा झाला आणि व्हार्टेगला स्थानक मिळालं. प्रवासी गाड्या १९४१ मध्ये बंद झाल्या, पण ब्लेनाव्हनच्या बिग पिट खाणीचा कोळसा या मार्गाने त्यानंतरही जात राहिला. ती खाण फेब्रुवारी १९८० मध्ये बंद झाली आणि १९८३ पासून संग्रहालय म्हणून खुली आहे. जुन्या खाणकामगाराबरोबर तिथे सुमारे ९० मीटर खाली उतरता येतं. उतरण्यापूर्वी घड्याळ, फोन, काडेपेटी असं ठिणगी पाडू शकणारं सगळं वर ठेवावं लागतं. हा केवळ देखावा नाही, खाणसुरक्षेचा नियम तिथे आजही लागू आहे.

त्या नियमामागचं कारण व्हार्टेगच्या खालच्या अंगालाच घडलं. ६ फेब्रुवारी १८९० रोजी अ‍ॅबरसखनजवळच्या लॅनेर्ख खाणीत वायूचा स्फोट होऊन १७६ माणसं आणि मुलं गेली. तिथे उघड्या ज्योतीच्या दिव्यांवर काम चालू होतं.

जुन्या रेल्वेमार्गावर आता ४९२ क्रमांकाचा राष्ट्रीय सायकलमार्ग आहे. क्वमब्रानहून ब्रिनमॉरकडे जाताना तो बहुतेक चढतो, उलट दिशेने आलं तर बहुतेक उतार मिळतो. ज्यांना गाव, गार्नडिफाइथचा उंच पूल आणि दरी एका दिवसात पाहायची आहे त्यांनी वरून खाली यावं.

प्रश्न : अधिकृत नाव कोण ठरवतं? भाषा आयुक्तांनी सांगितलं म्हणजे पाटी बदलावीच लागते का?

उत्तर : नाही. हा सर्वांत जास्त पसरलेला गैरसमज आहे. वेल्श भाषा आयुक्त हे पद २०११ च्या कायद्याने निर्माण झालं आणि एप्रिल २०१२ पासून कामाला लागलं. गावांच्या नावांबाबत आयुक्तांचं काम शिफारशीचं. तज्ज्ञांचं एक मंडळ नावाची व्युत्पत्ती, जुनी रूपं आणि आजचा वापर तपासतं आणि प्रमाण रूप सुचवतं. २०१८ मध्ये अशा नावांची यादी सर्वांसाठी खुली झाली. पाटी लावण्याचा अधिकार मात्र स्थानिक काउंटीचा.

वादाचं बी मंडळाच्या एका तत्त्वात आहे. वेल्श आणि इंग्रजी रूपांत एक-दोन अक्षरांचाच फरक असेल, तर एकच रूप वापरावं आणि ते वेल्श असावं, असं ते तत्त्व सांगतं. बहुतेक ठिकाणी ते शहाणपणाचं ठरलं. कार्नार्वन, कॉनवी, लॅनेल्ली या नावांची जुनी इंग्रजी लेखनरूपं गेली आणि कुणाचं काही अडलं नाही. ब्लेनाव्हन अजून ‘व्ही’ आणि ‘एफ’ दोन्हींनी लिहिलं जातं. पण व्हार्टेगला हे तत्त्व जसंच्या तसं लावलं तर गावकऱ्यांच्या हातात असलेलं रूप पूर्ण पुसलं जातं. आमचं स्पष्ट मत असं, की इथे दोन्ही रूपं पाटीवर असावीत. वेल्श रूप व्याकरणाने बिनचूक आहे आणि त्याला पाटीवरून हद्दपार करण्याचं कारण नाही. इंग्रजी रूपाला इतिहास आहे, तेही काढू नये.

पाट्यांसाठी काउंट्यांना लागू असलेले भाषाविषयक निकष २०१६ पासून अमलात आले. नवी पाटी लावताना किंवा जुनी बदलताना वेल्श मजकूर आधी वाचला जाईल अशा जागी असला पाहिजे, एवढं त्यात आहे. धडधाकट जुनी पाटी त्यासाठी उपटावी लागत नाही.

गावाला आपलं म्हणणं मांडायचं असेल तर तीन गोष्टींचा उपयोग होतो : सल्लामसलतीच्या मुदतीत लेखी हरकत, नावाच्या जुन्या वापराचे तारखांसह पुरावे, आणि नुसत्या नकाराऐवजी पर्यायी मजकूर. ‘लोक हसतील’ एवढ्यावर थांबलेली हरकत तज्ज्ञ मंडळासमोर टिकत नाही, कारण मंडळ नाव वेल्श म्हणून तपासतं, इंग्रजी म्हणून नव्हे.

प्रश्न : हा भाग पूर्वी इंग्लंडमध्ये होता असं वाचलं. मग वेल्श नावाचा आग्रह का?

उत्तर : व्हार्टेग मॉनमथशर या जुन्या काउंटीतलं. १५४० च्या दशकात वेल्ससाठी वेगळी न्यायालयं नेमली तेव्हा मॉनमथशरला ऑक्सफर्डच्या न्यायमंडलाला जोडलं. तेवढ्यावरून पुढची चार शतकं कायद्यांत ‘वेल्स आणि मॉनमथशर’ असा उल्लेख होत राहिला आणि संदिग्धता टिकली. १९७२ च्या कायद्याने, १ एप्रिल १९७४ पासून, ती संपवली. पण कायद्याची रेघ आणि बोलली जाणारी भाषा या वेगळ्या गोष्टी. १८९१ च्या जनगणनेत भाषेचा रकाना प्रथमच आला तो वेल्स आणि मॉनमथशर दोन्हींत.

आज टोर्वाइनमध्ये वेल्श येणारे दहात एकाहूनही कमी आहेत. तरी ब्रिन ओनेन ही वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा व्हार्टेगमध्येच आहे. भाषा बाहेरून लादली जाते असं म्हणणाऱ्यांनी आणि गावकऱ्यांना भाषाद्रोही ठरवणाऱ्यांनी, दोघांनीही ही शाळा विसरू नये. पाटीवरचं रूप ज्यांना सहज वाचता येतं अशी मुलं त्याच रस्त्यावर राहतात.

प्रश्न : व्हार्टेगच्या खाणीत काम केलेल्या माणसाची नोंद शोधायची आहे. कुठून सुरुवात करावी?

उत्तर : आधी १८४१ ते १९२१ या दर दहा वर्षांच्या जनगणना. १९३१ ची नोंदवही आगीत जळाली, ती शोधू नका. गाव जुन्या कागदांत स्वतंत्र सापडेलच असं नाही. ट्रेव्हेथिन या पॅरिशखाली (चर्चच्या हद्दीच्या जुन्या विभागाखाली) पाहा आणि ‘व्हार्टेग हिल’ असंही शोधा. शोधयंत्रात ‘व्ही’ आणि ‘एफ’ दोन्ही रूपं टाका, आणि शेवटच्या ‘ई’च्या जागी ‘ए’ही टाकून पाहा. हस्ताक्षर वाचताना चूक नेमकी तिथे होते.

जोन्स, विल्यम्स, डेव्हिस या आडनावांचे डझनभर लोक एका रांगेत राहत. त्यामुळे नाव जुळलं म्हणजे माणूस सापडला असं समजू नका. बायकोचं नाव, मुलांची वयं आणि व्यवसाय जुळवा. व्यवसायाच्या रकान्यात ‘मायनर’ लिहिलं असेल तर तो बहुधा लोहखडक काढणारा, कोळसा काढणाऱ्याला ‘कॉलियर’ म्हणत. एकाच माणसापुढे आधी पहिला आणि वीस वर्षांनी दुसरा शब्द दिसला, तर भट्ट्या थंडावल्यावर त्याने काम बदललं असं समजता येतं. १८४२ च्या कायद्याने दहा वर्षांखालच्या मुलांना आणि सर्व स्त्रियांना जमिनीखाली काम करायला बंदी आली. त्यामुळे १८५१ मध्ये नऊ वर्षांच्या मुलापुढे खाणीचा व्यवसाय दिसला तर तो पृष्ठभागावरचा, किंवा वय चुकीचं लिहिलेलं.

जनगणनेनंतर वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह पाहा. तो १९१९ पर्यंतचा असून ऑनलाइन फुकट आहे. अपघात आणि चौकश्या तिथे सविस्तर येतात. पॅरिशच्या वह्या आणि कंपन्यांचे कागद एब्बू व्हेल इथल्या ग्वेंट अभिलेखागारात. प्रत्यक्ष जाण्याआधी कागद मागवून ठेवावेत.

प्रश्न : गावावर उघड्या खाणीचं आणि ढिगाऱ्यांचं संकट होतं म्हणतात. ते टळलं का?

उत्तर : उरलेला उथळ कोळसा उघड्या खाणीने काढायचा आणि त्याच्या पैशांतून खाणीतल्या टाकाऊ दगड-मातीचे जुने ढिगारे सपाट करायचे, असा प्रस्ताव व्हार्टेग टेकडीसाठी आला होता. शाळा आणि घरं अगदी जवळ असल्याने गावाने तो लढवला आणि अखेर तो फेटाळला गेला. वेल्समध्ये २००९ पासून उघडी कोळसाखाण आणि वस्ती यांच्यात ५०० मीटर अंतर अपेक्षित आहे. एका बाजूला रस्ता आणि दुसऱ्या बाजूला घरं असलेल्या अशा उतारावर ते अंतर मोजायला जागाच उरत नाही.

ढिगारे राहिले. १९६६ मध्ये आबरव्हान गावावर ढिगारा घसरून ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं मेली. त्यानंतर १९६९ चा कायदा आला, पण त्याचा भर चालू खाणींच्या ढिगाऱ्यांवर होता. फेब्रुवारी २०२० च्या वादळी पावसात टायलर्सटाउनला जुना ढिगारा सरकल्यावर देशभरची मोजणी झाली आणि अडीच हजारांहून जास्त बंद ढिगारे नोंदले गेले. संभाव्य धोक्यानुसार त्यांची वर्गवारी ए ते डी अशी आहे. ‘डी’ वर्गाची तपासणी वर्षातून दोनदा होते आणि ‘सी’ची एकदा. वेल्श सरकारच्या नकाशावर कुठल्याही गावाचे ढिगारे पाहता येतात.

उतारावर राहणाऱ्याने किंवा फिरणाऱ्याने पाण्यावर लक्ष ठेवावं. ढिगारा घसरतो तो मुख्यतः आत साचलेल्या पाण्यामुळे. पायथ्याशी नवा झरा फुटणं, नेहमीचा झरा अचानक गढूळ होणं किंवा आटणं, माथ्यावर चंद्रकोरीच्या आकाराची भेग पडणं, कुंपणाचे खांब एका बाजूला कलणं, ही लक्षणं दिसली की थांबून फोटो काढत बसू नये. आडवं चालत ढिगाऱ्याच्या रेषेबाहेर यावं आणि मग काउंटीला कळवावं. भर पावसात जुन्या मोऱ्यांची तोंडं पानांनी बुजतात. ती मोकळी ठेवणं हे इथलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक काम आहे.